केशव तळपदे विरुद्ध बादशहा

न्यायालयीन निकालाचा मथळा कुणी चवीने वाचत नाही. अर्जदार, सामनेवाला, साल, पान क्रमांक, एवढेच त्यात असते. १९४३ सालच्या एका निकालाच्या मथळ्यापाशी मात्र मी दर वेळी थांबतो. ‘केशव तळपदे विरुद्ध बादशहा’. ब्रिटिश अमदानीत फौजदारी प्रकरणांना बादशहाचे नाव लागतच असे. खटला भरला की बादशहा आधी आणि आरोपी नंतर. शिक्षा होऊन आरोपी अपिलात गेला की नावांचा क्रम उलटा. या प्रकरणात खटलाच नव्हता. आरोप नव्हता, साक्षीदार नव्हता, शिक्षाही नव्हती. मुंबईचा एक माणूस कोठडीत होता, आपल्याला कोणत्या कायद्याने अडकवून ठेवले आहे हे तो विचारत होता, आणि उत्तर द्यायला समोर बादशहा उभा होता. मथळ्यातला ‘विरुद्ध’ इथे शब्दशः खरा आहे.

हकीकत थोडक्यात अशी. दुसरे महायुद्ध सुरू होताच, १९३९ मध्ये, भारत संरक्षण कायदा झाला आणि त्याखाली भारत संरक्षण नियम निघाले. त्यांतल्या २६ व्या नियमाने केंद्र आणि प्रांतिक सरकारांना माणूस चौकशीविना स्थानबद्ध करण्याचा अधिकार दिला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर ‘छोडो भारत’ची घोषणा झाल्यावर या नियमाने तुरुंग भरले. तळपदेही याच नियमाखाली स्थानबद्ध होते. त्यांच्या सुटकेसाठी मुंबई उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज झाला. त्या वेळी हा अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४९१ खाली करत. बेकायदा किंवा गैररीतीने अडकवलेल्या माणसाला मोकळे करण्याचा हुकूम उच्च न्यायालयाला त्या कलमाने देता येई. मुंबईने अर्ज फेटाळला. तळपदे अपिलात दिल्लीच्या फेडरल कोर्टात गेले आणि २२ एप्रिल १९४३ रोजी सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनी निकाल दिला.

हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो तो एका निष्कर्षापुरता: २६ वा नियम मूळ कायद्याच्या मर्यादेबाहेर गेला, म्हणून अवैध. मला तो गद्य म्हणून वाचावासा वाटतो. एका परक्या न्यायाधीशाने, ऐन युद्धात, आपल्याच सरकारच्या हातातले सर्वांत सोयीचे हत्यार काढून घेतले आणि ते करताना आवाज जराही चढवला नाही. हे कसे लिहिले गेले ते पाहण्यासारखे आहे.

त्याआधी अशा अपिलाची अडचण लक्षात घ्यावी लागते. चोरीच्या आरोपातला कैदी म्हणू शकतो, मी चोरी केली नाही. त्या रात्री मी गावात नव्हतो, साक्षीदार खोटा बोलतो, पंचनामा बनावट आहे. स्थानबद्धाला यातले काहीच म्हणता येत नाही, कारण त्याने काही केले असे कुणी म्हटलेलेच नसते. तो पुढे काही करू नये, एवढेच सरकारचे म्हणणे. न घडलेल्या गोष्टीचा इन्कार करायचा कसा? मग त्याच्या हाती उरतो तो कागद: हुकूम, हुकुमामागचा नियम, नियमामागचा कायदा. सगळे नाट्य वाक्यरचनेत शिरते. एरवी कोरडा वाटणारा मजकूर इथे श्वास रोखून वाचावा लागतो तो यामुळे. नियमातला एखादा शब्द पुढेमागे झाला तर दार उघडणार असते.

तर तो नियम वाचू. माझ्या शब्दांत त्याचा आशय असा: एखाद्या विशिष्ट व्यक्तीने ब्रिटिश हिंदुस्थानचे संरक्षण, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, बादशहांचे परराष्ट्रांशी किंवा हिंदी संस्थानांशी असलेले संबंध, टोळीवाल्यांच्या प्रदेशातील शांतता किंवा युद्धाचे कार्यक्षम संचालन यांना बाधक असे वर्तन करू नये म्हणून तिला स्थानबद्ध करणे आवश्यक आहे, अशी सरकारची खात्री पटली, तर सरकार तसा हुकूम काढू शकेल.

एका वाक्यात वायव्य सरहद्दीच्या डोंगरांपासून परराष्ट्रांच्या दरबारांपर्यंत सगळे आले. मसुदा करणाऱ्याने हात आखडता घेतलेला नाही. मोहल्ल्यातल्या सभेत बोलणारा कार्यकर्ता आणि सरहद्दीवर बंदुका पुरवणारा दलाल एकाच वाक्यात बसावेत अशी ही रचना आहे. मूळ इंग्रजी नियम वाचताना आपण यादीच्या शेवटाला पोहोचतो तेव्हा ‘खात्री पटली’ हे शब्द मागे पडलेले असतात. डोळ्यांत भरते ती यादी. खरी ताकद मात्र त्या दोन शब्दांत आहे.

यादीतल्या ‘हिंदी संस्थानां’पाशी तुळजापूरच्या वाचकाची नजर अडकणारच. १९४३ साली आमचे तुळजापूर ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते. उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आणि ४५ किलोमीटरच्या आसपास असलेले सोलापूर इंग्रजांकडे. मधल्या हद्दीवर करोडगिरीचे नाके. कोजागरीला सोलापुराहून भवानीच्या दर्शनाला चालत येणारा भाविक त्या काळी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात येत होता. १९३८ च्या डिसेंबरात सोलापुरात लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य समाजाची आर्य परिषद भरली होती, आणि पुढच्या वर्षी सत्याग्रहींचे जथे हद्द ओलांडून निजामाच्या राज्यात शिरले होते. युद्धकाळात सोलापुरात बसून कुणी तसे काही पुन्हा करायचे मनात आणले असते, तर २६ व्या नियमाच्या वाक्यात त्याच्यासाठी जागा तयारच होती: हिंदी संस्थानांशी असलेले संबंध. तळपदे ज्या कलम ४९१ चा आधार घेऊन मुंबईच्या न्यायालयात गेले, ते कलम आमच्या हद्दीपर्यंत पोहोचत नव्हते. म्हणून हा निकाल वाचताना मला दोन्ही बाजू दिसतात: ज्यांच्या संबंधांच्या रक्षणासाठी सोलापूरच्या माणसाला अडकवता येत होते ते संस्थान, आणि त्या संस्थानातली, दाद मागायला हे कलमही हाताशी नसलेली आमची आजी-आजोबांची पिढी.

आता मूळ कायदा. नियम करण्याचा अधिकार सरकारला १९३९ च्या कायद्याच्या दुसऱ्या कलमाने दिला होता. कोणकोणत्या बाबतींत नियम करता येतील याची तिथे लांबलचक यादी होती. तिच्यातली एक बाब माणसांना पकडून अडकवून ठेवण्याची. पण कोणत्या माणसांना? ज्यांच्याविषयी वाजवी संशय आहे अशांना. शत्रुदेशीय मूळ असल्याचा संशय, किंवा सुरक्षिततेला बाधक असे काही केले, करत आहे, करण्याच्या बेतात आहे असा संशय. संशय हवा, आणि तो वाजवी हवा.

ग्वायर यांनी हे दोन मजकूर शेजारी ठेवले. सगळा निकाल या ठेवण्यात आहे. कायद्यात ‘वाजवी संशय’, नियमात ‘सरकारची खात्री’. संशय वाजवी आहे की नाही हे तिसऱ्या माणसाला तपासता येते, कारण संशयाला काहीतरी घडलेले लागते: एक पत्र, एक भेट, एक भाषण. खात्री पटायला असे काही लागेलच असे नाही. ती सरकारच्या मनात पटते आणि मनातच राहते. कायद्याने घातलेली अट नियमाने वगळली, आणि कायद्याने न दिलेला अधिकार सरकारने नियमातून स्वतःकडे घेतला.

यानंतर निकालातला मला सर्वांत आवडणारा भाग येतो. हा फरक प्रत्यक्षात काय घडवतो हे सांगताना ग्वायर सरकारवर दुष्टपणाचा आरोप करत नाहीत. छळ, सूड, आकस यांतला एकही शब्द ते वापरत नाहीत. ते एका सावध अधिकाऱ्याच्या मनात शिरतात. त्याच्यासमोर एक नाव आहे. या माणसाने काही केल्याचा पुरावा नाही. काही करतो आहे असा वाजवी संशयही नाही. तसा त्याचा इरादा दिसत नाही. तरी अधिकाऱ्याला वाटते, उगाच जोखीम कशाला घ्या? आत टाकलेला बरा. २६ वा नियम या मनःस्थितीला पुरेसा आहे, असे ग्वायर दाखवतात. आणि कायदेमंडळाने एवढी मोकळीक दिलेली नव्हती, असे म्हणून ते थांबतात.

हा परिच्छेद ज्याने एखाद्या कचेरीत दोन दिवस काढले आहेत त्याला ओळखीचा वाटेल. अन्याय बहुतेक वेळा रागातून होत नाही. तो फाईल आपल्या टेबलावरून पुढे सरकावी म्हणून होतो. उद्या काही घडले तर आपल्यावर येऊ नये म्हणून होतो. ग्वायर यांनी हुकूमशहाचे चित्र रंगवले असते तर वाचकाला ते परके वाटले असते आणि सरकारला झटकून टाकता आले असते. त्यांनी एका सावध कारकुनी मनाचे चित्र काढले, ते झटकता येत नाही. शिवाय त्यात कैद्याविषयी सहानुभूतीचे एक अक्षर न लिहिताही कैद्याची अवस्था पुरती कळते. तो आत आहे, कारण कुणालातरी जोखीम नको होती.

या संयमाला पार्श्वभूमी होती. दीडच वर्ष आधी, ३ नोव्हेंबर १९४१ रोजी, लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने लिव्हरसिज विरुद्ध अँडरसन या खटल्यात निकाल दिला होता. तिथल्या युद्धकालीन नियमात गृहमंत्र्याला विश्वास ठेवण्याजोगे ‘वाजवी कारण’ असले पाहिजे असे शब्द होते, आणि तरीही बहुमताने ठरवले की मंत्र्याला तसे वाटले म्हणजे झाले, न्यायालयाने आत डोकावायचे नाही. एकटे लॉर्ड अ‍ॅटकिन विरोधात गेले. शब्दांना आपल्याला हवा तो अर्थ देणाऱ्या हम्प्टी डम्प्टीची आठवण त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना करून दिली. ते भिन्नमत आज जगभर वाचले जाते, पण त्या दिवशी ते हरलेले होते. ग्वायर यांच्यापुढे बहुमताचा निर्णय उभा होता. त्याला धडक दिली असती तर हाती काही लागले नसते. त्यांनी प्रश्नच वेगळा मांडला: मंत्र्याच्या खात्रीत डोकावावे की नाही, हा आमच्यापुढचा प्रश्न नाही; खात्रीवर माणूस अडकवण्याचा नियम करण्याचा अधिकार कायद्याने दिला होता का, एवढेच आम्ही पाहतो आहोत. लंडनचा दरवाजा बंद होता, तर दिल्लीतल्या न्यायाधीशाने पायाच तपासायला घेतला.

हे त्यांना सुचले याचे एक कारण त्यांच्या आधीच्या कामात आहे, असे मला वाटते. हिंदुस्थानात येण्यापूर्वी ग्वायर ब्रिटिश सरकारचे मुख्य विधिमसुदाकार होते; १९३५ चा भारत सरकार कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. कलमे, पोटकलमे, अटी, अपवाद यांत आयुष्य गेलेला हा माणूस. कायद्यात एक अट असताना नियमात ती गळते, हे त्यांच्या नजरेला एखाद्या सुताराला सांध्यातली फट दिसावी तसे दिसले असणार. आणि म्हणूनच निकालाचा शेवट मला एका कारागिराने दुसऱ्या कारागिरांना दिलेल्या समजेसारखा वाटतो.

तो शेवट सावकाश वाचावा असा आहे. ग्वायर म्हणतात की या निर्णयाने कार्यकारी सत्तेची, तात्पुरती का होईना, गैरसोय होईल आणि कदाचित ती अवघडल्यासारखीही होईल, याची आम्हांला जाणीव आहे. या कठीण काळात तसे व्हावे याचा आम्हांला खेद आहे. मग वाक्य वळते. अशा असाधारण अधिकारांची व्याख्या यापुढे अधिक काळजीने, अधिक नेमकेपणाने व्हावी, अशी कळकळीची आशा ते व्यक्त करतात. कारण हे अधिकार बादशहांच्या कित्येक प्रजाजनांच्या स्वातंत्र्याला बाधा आणू शकतात, आणि, ते जोडतात, बाधा आणलेलीही आहे. कायदेशीर आधाराविना माणूस पकडला आणि डांबला जाण्याचा धोका शक्य तितका कमी व्हावा, इथे वाक्य संपते.

खेद सरकारच्या गैरसोयीचा आहे, पण वाक्याचा सगळा भार शेवटच्या माणसाकडे सरकत जातो. सुरुवातीला कार्यकारी सत्ता, मधे अधिकारांची व्याख्या, अखेरीस बेकायदा डांबलेला माणूस. आणि ‘आणू शकतात’वरून ‘आणलेली आहे’वर येणारे ते अर्धे पाऊल. शक्यतेच्या भाषेत बोलत असलेला न्यायाधीश मधेच थांबून वस्तुस्थिती नोंदवतो. त्या क्षणी येरवड्यापासून नाशिकपर्यंतच्या तुरुंगांत जे लोक होते, आगाखान पॅलेसमध्ये जे होते, ते सगळे या अर्ध्या वाक्यात येऊन उभे राहतात. कुणाचेही नाव घेतलेले नाही.

‘तात्पुरती का होईना’ हे शब्दही सोडून देण्यासारखे नाहीत. ग्वायर यांना पुढचे दिसत होते. युद्धात गुंतलेले सरकार हा निकाल पचवून स्वस्थ बसणार नाही हे ते जाणून होते. तीन दिवसांनी, २५ एप्रिलला, ते निवृत्त झाले. म्हणजे सरन्यायाधीशपदाच्या अखेरच्या आठवड्यात, आपला निकाल टिकणार नाही हे माहीत असताना, त्यांनी तो लिहिला.

आणि तो टिकला नाही. २८ एप्रिल १९४३ रोजी, निकालानंतर सहाव्या दिवशी, व्हाइसरॉयने १९४३ चा १४ वा वटहुकूम काढला. मूळ कायद्याच्या यादीत शब्द बदलले: वाजवी संशयाच्या जोडीला आता सरकारची खात्रीही आली, आणि हा बदल पहिल्यापासूनच होता असे समजावे असे ठरवले गेले. आधीचे हुकूम याच कारणावरून अवैध मानता येणार नाहीत, अशीही तरतूद झाली. तळपदे अपील जिंकले होते. पण १९३५ च्या कायद्याप्रमाणे फेडरल कोर्टाने अपील मंजूर केले की प्रकरण आपल्या निर्णयासह खालच्या न्यायालयाकडे परत पाठवायचे असते, अंमल तिथून व्हायचा. कागद दिल्लीहून मुंबईला जाण्याच्या अवधीत कायद्याचा भूतकाळच बदलला.

रसग्रहण करणाऱ्याने निकालाची उणीही बाजू सांगावी. १९४५ मध्ये, बंगालच्या शिबनाथ बॅनर्जी आणि इतर स्थानबद्धांच्या प्रकरणात, प्रिव्ही कौन्सिलने तळपदे निकाल चुकीचा ठरवला. कारण असे: दुसऱ्या कलमाच्या पहिल्या पोटकलमात सरकारला नियम करण्याचा सर्वसाधारण, व्यापक अधिकार होताच, पुढची लांब यादी त्या अधिकाराला बाध न आणता दिलेली, केवळ उदाहरणादाखल होती. म्हणून यादीतल्या ‘वाजवी संशया’ने मूळ अधिकार आक्रसत नाही. कलम पुढ्यात ठेवून वाचले तर प्रिव्ही कौन्सिलच्या म्हणण्यात जोर आहे, हे मान्य करायला हवे. ‘बाध न आणता’ हे शब्द तिथे आहेतच, आणि ग्वायर यांच्या मांडणीचा तोच कच्चा दुवा. तरी मला ग्वायर यांचे वाचन अधिक खरे वाटते. कायदेमंडळ माणसाच्या स्वातंत्र्याविषयी एका ठिकाणी मुद्दाम, नाव घेऊन बोलते, अट घालते. मग दुसरीकडच्या मोघम शब्दांतून तीच अट पुसली जावी असा त्याचा हेतू कसा मानायचा? अट घालण्याचे श्रम मग घेतले कशाला? यादी उदाहरणादाखल असली, तरी तिच्यातले उदाहरण मर्यादा शिकवणारे होते.

त्या वर्षांत तुरुंगात असलेल्यांपैकी कित्येक जण पुढे संविधान सभेत बसले. अनुच्छेद २२ मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धता कायम राहिली याचे दुःख मला आहेच, पण त्याच अनुच्छेदात स्थानबद्धाला कारणे शक्य तितक्या लवकर कळवावीत आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची लवकरात लवकर संधी द्यावी, हेही आले. सरकारच्या मनातली खात्री आता कागदावर उतरवावी लागणार होती.

वीस वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा आला, या खेपेस स्वतंत्र भारतात. चीनने आक्रमण केले, २६ ऑक्टोबर १९६२ ला आणीबाणी जाहीर झाली, पुन्हा भारत संरक्षण नियम आले, पुन्हा माणसे स्थानबद्ध झाली. पंजाब आणि मुंबई उच्च न्यायालयांनी त्यांचे हेबियस कॉर्पसचे अर्ज फेटाळले. सगळी अपिले माखन सिंग तर्सिक्का यांच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात एकत्र झाली आणि २ सप्टेंबर १९६३ रोजी साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी सात न्यायाधीशांपैकी सहांच्या वतीने निकाल लिहिला. राष्ट्रपतींच्या आदेशाने मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार स्थगित झाला होता. कैदी म्हणत होते की कलम ४९१ हा जुन्या संहितेतला, संविधानाच्या आधीचा मार्ग आहे, तो कसा बंद होईल? गजेंद्रगडकरांनी उत्तर दिले की मार्गाचे नाव काहीही असो, मागणी जर स्थगित झालेल्या हक्काचीच असेल तर तोही मार्ग बंद. अपिले फेटाळली गेली. एकटे न्यायमूर्ती सुब्बा राव वेगळे राहिले. बेकायदा अडकवलेल्याला मोकळे करण्याचे न्यायालयाचे वैधानिक कर्तव्य त्या आदेशाने थांबत नाही, असे त्यांचे मत होते.

ग्वायर यांच्यानंतर हा निकाल वाचला की थंडी वाजते. मांडणी अत्यंत स्वच्छ आहे, प्रश्नामागून प्रश्न सुटत जातो, आणि प्रत्येक उत्तरासरशी कैद्याचे एकेक दार लागत जाते. तरीही गजेंद्रगडकर काही दारे उघडी ठेवतात. हुकूम दुष्ट हेतूने काढला आहे, किंवा ज्या कायद्याखाली काढला त्याच्याच अटी पाळलेल्या नाहीत, असे म्हणणारा कैदी अजूनही न्यायालयात येऊ शकतो. आणि शेवटाकडे ते एक विलक्षण विधान करतात: लोकशाहीत कार्यकारी सत्तेच्या गैरवापराविरुद्धचे परिणामकारक संरक्षण अखेर जागरूक आणि बोलक्या लोकमतात असते. न्यायाधीशाने असे म्हणावे यात कुणाला हतबलता दिसेल. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो, पण तो कैद्याच्या उपयोगाचा नव्हता. लोकमत जागे होईपर्यंत तो आतच असतो.

उघडी राहिलेली दारे मात्र दोन वर्षांत कामी आली. ७ सप्टेंबर १९६५ रोजी डॉ. राममनोहर लोहिया सुटले, कारण त्यांच्या हुकुमातले शब्द नियमातल्या शब्दांशी जुळत नव्हते. आदल्याच दिवशी, ६ सप्टेंबरला, सुब्बा रावांनी मुंबईच्या तुरुंगातले कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी यांच्या बाजूने निकाल दिला होता. संझगिरींनी तुरुंगात ‘अणूच्या अंतरंगात’ नावाचे विज्ञानाचे मराठी पुस्तक लिहिले होते. हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला. स्थानबद्धाला नियमांत लिहिल्या आहेत तेवढ्याच सवलती, बाकी काही नाही, असा सरकारचा युक्तिवाद. सुब्बा रावांनी त्यावर विचारले, की मग नियमांत जेवणाचा उल्लेख नसता तर त्याला उपाशी मारता आले असते का? एका प्रश्नात सरकारचा सगळा युक्तिवाद उघडा पडला. उच्च न्यायालय संझगिरींच्या बाजूने होते. सरकारचे अपील फेटाळले गेले आणि अणूविषयीचे हस्तलिखित बाहेर जायला मोकळे झाले.

तळपद्यांच्या अपिलाने विचारलेला मूळ प्रश्न, सरकारची खात्री पटते म्हणजे काय होते, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला पुढे ज्या निकालात सापडले, त्याच्या लेखकाच्या आडनावात आमच्या गावाचे नाव आहे. न्यायमूर्ती व्ही. डी. तुळजापूरकर. मुंबई उच्च न्यायालयातून ते १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर थोड्याच काळात त्यांच्यासमोर एका स्थानबद्धाच्या पत्नीचे अपील आले. तस्करीविरोधी, १९७४ च्या कॉफेपोसा कायद्याखाली नवरा अडकला होता, गुजरात उच्च न्यायालयाने हेबियस कॉर्पस नाकारला होता. कस्टमच्या ताब्यात असताना त्याने दिलेले कबुलीजबाब हुकुमाचा मुख्य आधार होते.

तुळजापूरकर कबुलीजबाब खरा की खोटा यात पडत नाहीत. ते एवढेच पाहतात की हुकुमावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर काय काय ठेवले होते. कबुलीजबाब ठेवलेले होते. पण दंडाधिकाऱ्यापुढे उभे केल्यावर त्या माणसाने ते नाकारले होते, हा कागद तिथे नव्हता. चौकशीच्या वेळी वकील हजर असावा अशी मागणी झाली होती, तेही अधिकाऱ्याला सांगितले गेले नव्हते. या गोष्टी कळल्या असत्या तर त्याचे मत इकडे झुकले असते की तिकडे, हे न्यायालय ठरवत नाही. झुकू शकले असते, एवढे पुरे. जी माहिती मनावर परिणाम करू शकते तीच मनापुढे आली नाही, तर त्या मनाची खात्री दूषित झाली.

तळपदे प्रकरणात खात्री ही बंद पेटी होती. लॉर्ड अ‍ॅटकिन तिच्यावर हात आपटत राहिले, ग्वायर यांनी ती जिच्यावर ठेवली होती ती जमीन खणली, गजेंद्रगडकरांनी तिला वळसा घालून चिंचोळी वाट ठेवली. तुळजापूरकरांनी पेटी फोडली नाही. त्यांनी विचारले, पेटीत काय टाकले आणि काय टाकायचे राहिले. आज धाराशिवचे जिल्हाधिकारी एमपीडीए या महाराष्ट्राच्या स्थानबद्धता कायद्याखाली कुणाला स्थानबद्ध करतात आणि त्याचे नातेवाईक छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातात, तेव्हा वकिलाचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: जामिनाचा आदेश साहेबांपुढे होता का, जबाब मागे घेतल्याचे कळवले होते का, कागद त्याला कळणाऱ्या भाषेत दिले का.

त्या अपिलाचा शेवट तुळजापूरकरांनी लांबवलेला नाही. हुकूम रद्द झाला. या खेपेस निर्णय खाली पाठवून अंमलाची वाट पाहायची नव्हती, आणि मधे वटहुकूमही आला नाही. माणसाला तात्काळ सोडावे असे सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले.